पुलापलीकडचा दुभाषी

जियांगने सूयिंगच्या थर्मासमध्ये पाणी ओतलं, तेव्हा त्यातून वाफ आली नाही.

रांगेत तिच्या मागेच मी होतो, म्हणून मला ते दिसलं. पुढच्या मोठ्या कढईत पाणी खदखदत होतं, पण जियांगने मुद्दाम कोपऱ्यातल्या भांड्यातून पळी भरली. त्या भांड्याखालची आग केव्हाच विझत आली होती. सूयिंगने थर्मासला हात लावून बघितलं. बूच घट्ट केलं आणि मान खाली घालून गल्लीत वळली. रांगेतली एक म्हातारी तिच्या पाठीमागे जमिनीवर थुंकली.

"मास्तर, आणा तुमची किटली," जियांग म्हणाला आणि मला उकळतं पाणी दिलं.

"तिला गार का दिलंस?"

"गार कुठे? कोमट होतं. तिच्या नवऱ्याला म्हणावं, जपान्यांकडून कोळसा आण. मग गरम देतो."

मागचे लोक हसले. मी किटली उचलली आणि निघालो.

शांघाय पूर्णपणे जपान्यांच्या ताब्यात जाऊन वर्ष उलटून गेलं होतं. कोळसा मिळेनासा झाला होता. घरात चूल पेटवणं परवडत नव्हतं, म्हणून सगळी गल्ली जियांगच्या दुकानातून उकळतं पाणी विकत नेई. चहाला तेच आणि पोरांच्या अंघोळीलाही तेच. जियांगने गार पाणी देणं म्हणजे गल्लीने वाळीत टाकणंच होतं.

सूयिंगचा नवरा थांग दुभाषी होता. खाडीवरच्या पुलापलीकडे एक करडी इमारत होती. तिथे जपानी लष्करी पोलीस माणसं आणून त्यांची चौकशी करत. ती चौकशी कशी चालते ते रस्त्यावरून जाणाऱ्यालाही ऐकू येई. साहेब जपानीत विचारी ते कैद्याला चिनीत सांगायचं, आणि कैदी बोलला तर ते साहेबाला जपानीत, हे थांगचं काम. सकाळी त्याला न्यायला मोटार येई. तो स्वच्छ कपडे करून, केस चापून बसवून दारातून निघे आणि कोणाकडे न बघता मोटारीत बसे. मोटार गेली की बायका त्याच्या उंबऱ्यावर घाण पाणी ओतत.

मी त्या गल्लीत कसा? मी मूळचा गोव्यातल्या मांद्र्याचा, पुंडलीक मांद्रेकर. आमच्या घरात गाणंबजावणं पिढीजात. गावच्या चर्चमध्ये गाणंवाजवणं शिकवणाऱ्या मेस्तांकडे मी व्हायोलिन शिकलो, एका बोटीवरच्या बँडबरोबर पूर्वेकडे निघालो आणि शांघायच्या एका नाचघरात नोकरीला लागलो. मग युद्ध पेटलं आणि बोटी बंद झाल्या. जपान्यांनी गोऱ्यांना छावण्यांत कोंडलं, पण हिंदी माणसाला ते मित्र म्हणत, आणि आम्हाला सहसा कोणी अडवत नसे. संध्याकाळी नाचघरात वाजवायचं आणि बाकीच्या वेळात शिकवण्या करायच्या, असा माझा दिवस जाई. गल्लीत मला सगळे मास्तर म्हणत. त्यांच्या भाषेत शब्द वेगळा होता, अर्थ तोच.

थांगची मुलगी निंग माझ्याकडे शिकत होती. अकराएक वर्षांची, हाडकुळी, हट्टी पोर. शाळेत तिच्याशी कोणी बोलत नसे. त्यामुळे की काय, वाजवायला बसली की उठायची नाही.

"त्या घरात पाय कसा ठेववतो तुम्हाला?" जियांगने मला एकदा विचारलं होतं.

"पोरीला शिकवतो रे. पोरीने काय केलंय?"

"कुत्र्याचं पिल्लू कुत्रंच असतं," तो म्हणाला. त्याच्या बायकोचा भाऊ त्या करड्या इमारतीत गेला होता आणि परत आला नव्हता.

त्या आठवड्यात एका दुपारी मी शिकवणीला गेलो तर दार थांगनेच उघडलं. तो दुपारी घरी कधीच नसे. अंगात शर्ट होता, पण गुंड्या वरखाली लागल्या होत्या.

"बरं नाही वाटत, म्हणून लवकर आलो," तो म्हणाला. आम्ही दोघं इंग्रजीत बोलत असू. "सूयिंग तांदळाच्या रांगेत गेलीये. या."

निंगने वाजवायला सुरुवात केली. थांग खिडकीशी उभा राहून पडद्याच्या फटीतून गल्लीच्या तोंडाकडे बघत होता. माझ्याकडे न वळता तो म्हणाला, "मास्तर, तिला वाजवत ठेवा. थांबू देऊ नका."

मी निंगला तोच धडा पुन्हा वाजवायला सांगितला. ती मान वाकडी करून वाजवू लागली.

"कोपऱ्यावरचे औषधवाले फेईकाका तुम्हाला माहीत होते," थांग हळू आवाजात म्हणाला.

"होते म्हणजे?"

"काल गेले. आमच्याकडे."

फेई म्हणजे पांढऱ्या दाढीचा, मिशीतल्या मिशीत हसणारा माणूस. त्याच्या दुकानातून मी खोकल्याचा काढा नेत असे. महिनाभरापूर्वी त्याला उचलून नेलं, एवढंच मला ठाऊक होतं.

"निंगच्या खोकल्याचं औषध मी त्यांच्याकडूनच आणायचो," थांग म्हणाला. "तिला खोकला नसला तरी."

मला काही कळेना.

"त्या इमारतीत काय चाललंय, उद्या कोणाला उचलणार, हे बाहेर कळायला हवं ना कोणाला तरी? मी काकांना सांगायचो. काका पुढे पोचवायचे. गेली तीन वर्षं."

निंगचा सूर चुकला. मी सवयीने "पुन्हा" म्हणालो.

"काल साहेबाने त्यांना विचारलं, आमच्या इमारतीत तुझा माणूस कोण आहे? मी ते चिनीत विचारलं. काका माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, मी कोणालाच ओळखत नाही, आणि तुझ्यासारख्या कुत्र्याला तर मुळीच नाही. मी ते जपानीत सांगितलं. सगळंच सांगितलं, एक शब्द गाळला नाही. साहेब हसायला लागला. माझ्या पाठीवर थाप मारली त्याने." थांगने कपाळ खिडकीच्या काचेला टेकलं. "मला वाचवायला शिवी दिली त्यांनी. नंतर अर्ध्या तासात गेले."

खाली रस्त्यावर फेरीवाला ओरडत गेला.

"हे तुम्ही मला का सांगताय?"

"दुसरं कोणी नाही म्हणून. आमच्यात एकाला एकच माहीत असतो. मी कोण आहे ते फक्त काकांना माहीत होतं. आता जिवंत माणसांत कोणालाच नाही." मग तो माझ्याकडे वळला. "उद्या दुपारी बारा वाजता झाबेइ वस्तीतल्या देवळामागच्या शाळेवर धाड आहे. दुसरा एक जण मारापुढे फुटला. शाळेत लिएन नावाच्या बाई आहेत, त्यांच्यासोबत आणखी माणसं आहेत, वायरलेस आहे. मी जाऊ शकत नाही. फेईकाकांना पकडल्यापासून आम्हा सगळ्या दुभाष्यांवर पाळत आहे. तो बघा, सिगारेटवाल्याजवळचा तपकिरी टोपीवाला."

मी बघितलं नाही. मी निंगच्या बोटांकडे बघत होतो.

"नाही म्हणालात तरी राग नाही," थांग म्हणाला. "तुमचा काय संबंध?"

खरंच माझा काही संबंध नव्हता. गाव सोडून आलेला वाजवणारा माणूस मी, कोण जिंकतंय तेही नीट समजत नव्हतं. पण फेईने मला कधी कडू काढा दिला की वर एक खडीसाखरेचा खडा हातावर ठेवायचा. मी म्हणालो, "काय सांगायचं तिथे?"

"छप्पर पडतंय, आज शाळा सोडा, एवढंच. ही काकांची खूण आहे. माझं नाव घेऊ नका. माझं नाव ऐकलं तर त्यांना तो सापळा वाटेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हायोलिनची पेटी घेऊन मी निघालो. पुलावरच्या जपानी शिपायापुढे सगळे कमरेत वाकून जात होते. मीही वाकलो. त्याने पेटीकडे बोट केलं. मी उघडून दाखवली. त्याने व्हायोलिन बाहेर काढून हलवून बघितलं, मग माझ्या हातात दिलं आणि खुणेने म्हणाला, वाजव. पुलावर थंड वारा सुटला होता आणि माझी बोटं आखडली होती. डोक्यात दुसरं काही येईना, म्हणून आमच्या गावात दसऱ्याला देवाची तरंगं निघतात तेव्हा वाजवतात ती चाल वाजवली. शिपाई ऐकत उभा राहिला. असेल वीसेक वर्षांचा. शेवटी त्याने जा म्हणून हात हलवला.

शाळा म्हणजे दोन खोल्या आणि एक अंगण. लिएन बाई फळ्यापाशी होत्या. बारीक चणीच्या, बाहीवर खडूची भुकटी. मी दारातून म्हणालो, "बाई, छप्पर पडतंय. आज शाळा सोडा."

त्यांच्या हातातला खडू तसाच राहिला. "हे सांगणारे म्हातारे गेले म्हणे."

"हो. गेले."

"मग तुम्हाला कोणी पाठवलं?"

"ते सांगायला मनाई आहे. पण दुपारच्या आत निघा. कृपा करून निघा."

त्यांनी खडू फळ्याच्या कडेला ठेवला. मग मुलांकडे वळून हसल्या आणि म्हणाल्या, "आज सुट्टी." मुलांनी एकच ओरडा केला. मी बाहेर पडलो तेव्हा मागच्या दाराने कोणी तरी जड सामान ओढत नेत असल्याचा आवाज येत होता.

दुपारी जपान्यांना शाळा रिकामी सापडली. संध्याकाळपर्यंत ही बातमी सगळ्या शहरात झाली. मी नाचघरात वाजवत होतो, आणि बऱ्याच दिवसांनी मला वाजवताना बरं वाटलं.

पुढच्या दिवशी निंगला शिकवायला गेलो तर सूयिंग दारात झाडू घेऊन उभी होती. उंबऱ्यावर कागदाच्या खोट्या नोटांचा ढीग पडला होता. मेलेल्या माणसाला परलोकात खर्चायला म्हणून त्यांच्याकडे तसल्या नोटा जाळतात.

"पोरांचा खेळ असेल," ती म्हणाली.

"हो वहिनी, पोरंच ती." त्यांच्याकडेही मित्राच्या बायकोला वहिनीच म्हणतात.

पण ती एकाही नोटेला हात लावत नव्हती, झाडूनेच लांब ढकलत होती. असल्या नोटा कोणाच्या दारात पडतात ते सगळ्या शहराला माहीत होतं. जपान्यांची चाकरी करणाऱ्या बऱ्याच जणांच्या दारात त्या पडल्या होत्या, आणि आठवडा व्हायच्या आत ते रस्त्यात मरून पडले होते.

रविवारी सकाळी मी पाण्याला गेलो. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. जियांगने किटली भरली आणि पैसे परत माझ्याकडे सरकवले.

"असू द्या मास्तर." मग आवाज उतरवून म्हणाला, "शाळेचं छप्पर वाचलं म्हणतात. काळासावळा परदेशी माणूस आला होता, हातात वाद्याची पेटी होती, असं बाईंकडून फिरत फिरत कानावर आलं."

हा जियांग त्यांच्यापैकीच होता. मी काउंटरवर वाकलो.

"जियांग, मला थांगने पाठवलं होतं."

त्याने हातातली पळी खाली ठेवली.

"थांग तुमचाच माणूस आहे. फेईकाकांना बातम्या तोच द्यायचा. त्याच्या दारात नोटा पडल्यात. तो निरोप कोणाचा ते तुला माहीत आहे. थांबव ते."

"कोण म्हणतं तो आमचा आहे?"

"तो स्वतः सांगतो."

"वेळ भरली की सगळेच सांगतात."

"फेईकाकांनी सांगितलं असतं..."

"फेईकाका सांगायला आहेत कुठे?" तो दातओठ खात म्हणाला. "ते मेले तेव्हा खुर्ची टाकून शेजारी कोण बसलं होतं? माझा मेव्हणा किंचाळत होता तेव्हा त्याचं जपानीत कोण सांगत होतं?"

"मग शाळेचं त्याने मला का सांगितलं? तो नसता तर मला कसं कळलं असतं? विचार कर ना."

कढईतलं पाणी उकळून बाहेर सांडत होतं, तिकडे त्याचं लक्ष नव्हतं. बोलला तेव्हा आवाजातला राग गेला होता. तो रागावलेला असता तर बरं झालं असतं.

"समजा, मी मानलं. तर मी ते कोणाला सांगू? माझ्यावर फेईकाका होते. त्यांच्या वर कोण ते मला कधी कळलंच नाही. हुकूम दुसऱ्याच बाजूने आलाय. ज्यांच्यावर कामगिरी आहे त्यांची तोंडंही मी बघितलेली नाहीत. माझ्या दाराखाली नुसती चिठ्ठी आली, उद्या सकाळी दुकान उशिरा उघड."

"उद्या?"

"त्याला पळायला सांगा, मास्तर. आजच्या आज. दुसरं काही माझ्या हातात नाही." त्याने फडका उचलला आणि काउंटर पुसायला लागला. तेच तेच पुसत राहिला.

थांग मला गच्चीवर सापडला. ऊन पडलं होतं, सूयिंगने वाळत घातलेल्या चादरी हलत होत्या. तो खुर्चीवर बसून निंगच्या बुटाला टाका घालत होता. मी धापा टाकत सगळं सांगितलं. तो ऐकत होता आणि सुई चालू होती.

"जियांग होय," तो म्हणाला. "बरं वाटलं. मला वाटायचं फेईकाकांनंतर गल्लीत कोणीच उरलं नाही."

"अहो, उद्या सकाळी! ऐकताय ना? आता निघा. माझ्या खोलीत मागच्या जिन्याने..."

"बसा मास्तर."

मी बसलो नाही.

"शाळा रिकामी सापडली. काल साहेबाने आम्हा सगळ्या दुभाष्यांना भिंतीशी उभं केलं. बातमी तुमच्यातूनच गेली, म्हणाला. कोणावर बोट ठेवता येत नाही म्हणून थांबलाय. तो वाट बघतोय, कोण पळतो त्याची." त्याने दोरा दातांनी तोडला. "मी आज गेलो तर उद्या सूयिंग आणि निंग त्या इमारतीत. तिथे काय होतं ते मी रोज बघतो. मीच ते शब्दांत सांगतो."

"त्यांनाही घेऊन जा."

"गल्लीच्या तोंडाशी तपकिरी टोपीवाला आहे. बायको-पोर घेऊन मी पूलही ओलांडणार नाही." मग तो बूट खाली ठेवून सावकाश म्हणाला, "पण मला आमच्याच लोकांनी मारलं, तर? तर मी जपान्यांचा इमानी नोकर ठरतो. मग कोणी चौकशी करणार नाही. साहेब फुलं घेऊन येईल. सूयिंगला तांदूळ मिळेल, कोळसा मिळेल. तिच्या अंगाला कोणी हात लावणार नाही."

तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. नोटांचा ढीग बघून तो घाबरला नव्हता. त्याने त्यातून वाट काढली होती.

"आणि वहिनींना काय सांगणार?"

"काही नाही. तिला खरं कळलं तर तिचं रडणं वेगळं दिसेल. साहेब हुशार आहे, त्याला कळेल."

"तुमचेच लोक तुम्हाला कुत्र्यासारखं मारणार, आणि तुम्ही..."

"ते त्यांचं काम नीट करताहेत. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं." पहिल्यांदाच त्याचा आवाज फाटला. त्याने तोंड चादरीकडे वळवलं. "युद्ध कधी तरी संपेल. तुम्ही तेव्हा इथे असलात, तर सूयिंगला सांगा. जमलं तर."

मी त्याचे हात धरले. सुई माझ्या तळव्याला टोचली. मी खूप बोललो. काय बोललो ते आता आठवत नाही. खालून सूयिंगने जेवायला हाक मारली तेव्हा तो उठला, कपडे झटकले आणि म्हणाला, "आलो."

सोमवारी निंगला त्याने काही तरी निमित्त काढून मागच्या दाराने लवकर शाळेत पाठवलं. जियांगचं दुकान बंद होतं. मोटार आली. रोज थांग सरळ मोटारीत जाऊन बसे. त्या दिवशी तो ड्रायव्हरला थांब म्हणाला आणि रस्ता ओलांडून सोयाबीनचं दूध विकणाऱ्याच्या गाडीपाशी गेला. वाडगा घेतला. पाठ रस्त्याकडे करून, उभ्याने, घोट घोट प्यायला. मी माझ्या खिडकीत होतो. सूयिंग दारात उभी होती. त्याचा विसरलेला मफलर तिच्या हातात होता.

दोन माणसं सायकलींवरून आली. आवाज फटाक्यांसारखा झाला.

मी खाली पोचलो तेव्हा सूयिंग रस्त्यात बसली होती आणि त्याचं डोकं तिच्या मांडीवर होतं. दूध आणि रक्त एकत्र वाहत गटाराकडे चाललं होतं. गल्लीतल्या खिडक्या एकेक करून बंद झाल्या. "पाणी," ती मला म्हणाली, "मास्तर, थोडं पाणी आणा." मी पाणी आणलं, पण ते त्याच्या ओठांतून आत गेलं नाही.

थोड्याच वेळात जपान्यांनी दोन्ही टोकांना दोर बांधून गल्ली बंद केली. आत सापडलेल्या पुरुषांतले काही जण ट्रकमध्ये घातले. जियांग दुकानाच्या फळ्यांमागे बसला होता. त्यालाही ओढून काढलं. ट्रकमध्ये चढताना त्याने माझ्याकडे एकदा बघितलं. त्यांतलं कोणीही परत आलं नाही.

पुढे सगळं थांग म्हणाला होता तसंच झालं. साहेब पांढऱ्या फुलांचं मोठं चक्र घेऊन आला, तसबिरीपुढे वाकला, निंगच्या डोक्यावर हात ठेवला. निंगला त्याच्यापुढे वाकायला लावलं. तांदूळ आला, कोळसा आला. युद्ध संपेपर्यंत त्या मायलेकींकडे जपान्यांनी वाकड्या नजरेने पाहिलं नाही.

मग युद्ध संपलं. रस्त्यांतून लोक नाचत होते, आणि त्याच दिवशी गल्लीतल्यांनी सूयिंगला घरातून बाहेर काढलं. तिच्या गळ्यात पाटी अडकवली, तोंडाला काळं फासलं, गल्लीभर फिरवलं. मी मध्ये पडलो तर मलाही मार बसला. घर गेलं. ती दुसऱ्या एका वस्तीत जिन्याखालच्या खोपटात राहू लागली आणि लोकांचे कपडे धुऊ लागली.

मी नव्या सरकारी कचेरीत गेलो. टेबलामागच्या तरुण अधिकाऱ्याने माझं सगळं ऐकून घेतलं.

"साक्षीदार?"

"फेई औषधवाले. मेले. जियांग पाणीवाला. तोही मेला. लिएन नावाच्या बाई होत्या..."

"लिएन हे खरं नाव?"

मला ते माहीत नव्हतं. त्याने खुर्चीत पाठ टेकली. तो वाईट माणूस नव्हता, नुसता थकलेला होता. "अहो, रोज इथे माणसं येतात. प्रत्येकीचा नवरा गुप्तहेर होता, प्रत्येकाचा भाऊ आतून आपलाच होता. मी काय करू?"

शेवटी मुंबईची बोट मिळाली. निघायच्या आधी मी सूयिंगकडे गेलो. ती नळावर चादरी पिळत होती. हात सुजून लाल झाले होते. मी तिथेच, नळाच्या आवाजात, सगळं सांगितलं. औषधाचं दुकान, शाळा, गच्चीवरचं बोलणं, काहीही ठेवलं नाही.

तिने नळ बंद केला. बादलीच्या काठावर बसली. ओले हात मांडीला पुसत विचारलं, "त्या दिवशी तो दूध प्यायला थांबला, ते म्हणून?"

"हो."

"मला वाटलं भूक लागली असेल. न खाता निघाला होता." तिने पदरासारखा गळ्यातला फडका तोंडावर दाबला. आवाज मात्र आला नाही. मग फडका काढून तिने इकडे तिकडे बघितलं. "हे आणखी कोणाला माहीत आहे?"

"कोणालाच नाही. निंगला सांगू या, वहिनी. तिला कळलं पाहिजे."

"नाही."

"अहो, पण तिचा बाप..."

"मास्तर, तिला कुठल्याच शाळेत घेत नव्हते. शेवटी एका शाळेने घेतलं. पण आधी तिला सगळ्या मुलांपुढे उभं केलं. माझा बाप देशद्रोही होता, मी त्याची मुलगी नाही, तो मेला ते बरं झालं, असं म्हणायला लावलं. ती म्हणाली. मोठ्याने म्हणाली. घरी येऊन जेवली नाही, तापाने फणफणली. आता कुठे पुन्हा माणसांत आलीये." तिने माझी बाही धरली. "तुम्ही सांगाल ते कोणी मानणार नाही. फक्त ती एकटी मानेल. मग ती जे बोलून बसलीये त्याचं ती काय करेल?"

ती उठली, नळ सोडला आणि पुन्हा पिळायला लागली.

बोटीच्या दिवशी दोघी धक्क्यावर आल्या. निंग उंच झाली होती. केस मुलासारखे कापलेले, शाळेचा निळा डगला. ती शांतपणे माझ्याशी बोलली, प्रवास किती दिवसांचा, माझ्या गावी कोण कोण आहे, वगैरे. भोंगा वाजला तेव्हा तिने आईकडे बघितलं आणि मला थोडं बाजूला नेलं.

"मास्तर, एक सांगू? तुमच्या देशात कोणी विचारलं, तर आमच्याकडे यायचात हे सांगू नका. आमच्या वडिलांना ओळखत होतात हे तर नकोच." तिने आवाज आणखी उतरवला. "तुम्ही चांगले आहात. उगीच तुमचं नाव खराब होईल."

सूयिंग मागे उभी होती. तिला ऐकू गेलं असावं. ती माझ्याकडे बघत होती.

"बरं," मी निंगला म्हणालो. "नाही सांगणार."

ती समाधानाने हसली आणि माझी ट्रंक उचलायला वाकली.